आमचे विमान जकातीत उतरते

माझ्या नावाने परदेशातून एक विमान आले आहे, ही बातमी आमच्या सोसायटीत पसरायला दोन मिनिटे लागली. कुरिअरच्या पोराने जिन्याखालूनच आरोळी ठोकली, "काका, फॉरेनचं पार्सल आहे! ड्यूटी भरायचीय!" ड्यूटी हा शब्द ऐकल्यावर तीन मजल्यांवरची पाच दारे उघडली. आमच्याकडे माणूस परदेशी गेला तर एवढी दारे उघडत नाहीत.

विमान वीतभराचे होते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरची बहात्तरावा हिस्सा एवढी प्लॅस्टिकची प्रतिकृती, तीही सुटी. चौकटीला चिकटलेले बारीक बारीक तुकडे तोडायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. ही गोष्ट २०२३ सालची. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झाले होते, आणि रिकामपणी माणसाने काय करावे याबद्दल घरात रोज सूचना येत होत्या. त्या टाळण्यासाठी मी छंद धरला.

पावती पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, विमानापेक्षा दंडच जास्त झालाय की!"

"दंड नाही, कर आहे."

"फरक काय?"

चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, हे काही बरे नाही. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. समजा, वस्तू शंभर रुपयांची आहे आणि पाठवणावळ तीस रुपये. आपल्याला वाटते कर शंभरावर. छे! कर एकशे तीसवर. कारण ती वस्तू आपल्या दारात आली ती पाठवणावळीसकट आली. त्या वर्षी खेळण्यांचा दर होता ७० टक्के. म्हणजे एक्याण्णव रुपये. झाले दोनशे एकवीस. आता या दोनशे एकविसावर १२ टक्के जीएसटी. म्हणजे कर भरल्याबद्दलही कर! किरकोळ अधिभार बाजूला ठेवले तरी शंभराचे दोनशे सत्तेचाळीस होतात. वर कुरिअर कंपनी आपल्या वतीने हा कर भरण्याचे कष्ट घेते, त्याची हमाली वेगळी, आणि हमालीवर पुन्हा जीएसटी. कर्जदाराचे चक्रवाढ व्याज मी जन्मभर शांतपणे आकारले. ते दुसऱ्या बाजूने कसे दिसते हे त्या दिवशी कळले.

पण ७० टक्के का? तर सरकारी दरपत्रकात खेळण्यांचा जो एक रकाना आहे, त्यात तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या गाड्या, कोडी आणि लहान प्रमाणातल्या प्रतिकृती असे सगळे एका पंक्तीला बसवले आहे. हा रकाना आंतरराष्ट्रीय आहे, त्याबद्दल दिल्लीला दोष देता येत नाही. माझे वय एकसष्ट, चष्मा दुहेरी, आणि पंगतीला शेजारी बाहुली. या रकान्याचा दर २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून एकदम ६० टक्के झाला, आणि २०२३ मध्ये ७०. हेतू देशी खेळणी टिकावीत हा. खरेखुरे रेल्वेचे इंजिन मागवले असते तर दर पुष्कळ कमी पडला असता. पण ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न आमच्या घरात निघालाच असता.

देशी माल टिकावा म्हणून परक्या मालावर जबर जकात बसवणे, ही काही आजकालची अक्कल नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना, पत्र लिहिले ते मिठाबद्दल. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळायचे आणि स्वराज्यातली मिठागरे ओस पडायची भीती. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवा की ते संगमेश्वरकडच्या मिठाहून महाग पडले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय. लढाया आणि किल्ले यांच्या गर्दीत मिठाचा भाव पाहणारा राजा! हे वाचल्यावर मला माझ्या ७० टक्क्यांची थोडी लाज वाटली. पण थोडीच. मीठ प्रत्येकाला लागते. स्पिटफायर आमच्या अख्ख्या वॉर्डात मला एकट्याला लागत होते, आणि त्याच्याशी स्पर्धा करणारे देशी स्पिटफायर मला तरी कुठल्या दुकानात दिसले नाही.

जकात हा शब्दही गमतीचा. मुळात अरबी, आणि अर्थ दानधर्म! आपल्याकडे येईतो दान राहिले, धर्म गळला. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ ला बंद झाली. त्या दिवशी जीएसटी आला. पण दहिसर-मुलुंडकडची माणसे पत्ता सांगताना अजून 'जकात नाक्याच्या पुढं' असेच सांगतात. कर जातो, नाका राहतो.

या खात्यातला माझा सर्वांत आवडता माणूस म्हणजे ॲडम स्मिथ. १७७६ साली 'वेल्थ ऑफ नेशन्स' लिहून त्याने व्यापारावरच्या बंधनांची सालटी काढली. त्याचे फळ काय, तर १७७८ मध्ये स्कॉटलंडच्या सीमाशुल्क खात्याचा कमिशनर म्हणून नेमणूक. सरकारी विनोदबुद्धी सर्व देशांत सारखीच असते. कामावर रुजू झाल्यावर त्याने बंदी असलेल्या मालाची यादी वाचली, मग घरी आपले कपाट उघडले, आणि घाम फुटला. गळपट्टे, झालरी, हातरुमाल, बहुतेक सगळाच माल बंदीचा! गृहस्थाने दुसऱ्यांना उदाहरण म्हणून तो सगळा जाळला. १७८० मध्ये विल्यम ईडन या मित्राला त्याने हे पत्राने कळवले, आणि वर सल्ला दिला की तू तुझे आणि तुझ्या बायकोचे कपडे तपासायच्या फंदात पडू नकोस. अर्थशास्त्राच्या सगळ्या ग्रंथांत इतका व्यवहारी सल्ला माझ्या वाचनात नाही.

आमच्या कपाटात बंदीचे काही नव्हते, कारण आमच्या कपाटात फारसे काहीच नव्हते. १९७३ साली मी अकरा वर्षांचा होतो. थोरले मामा नोकरीसाठी इंग्लंडात होते. त्यांनी माझ्या वाढदिवसाला एअरफिक्स कंपनीचे स्पिटफायर पाठवले. या कंपनीने १९५३ मध्ये पहिले स्पिटफायर काढले तेव्हा ते दोन शिलिंगांना मिळायचे. मामांनी पाठवलेले मात्र मोठे होते, चांगल्या खोक्यातले. हे सगळे मला मामांच्या पत्रावरून माहीत. खोके मी पाहिले नाही.

ते दिवस परवान्याचे होते. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परदेशी वस्तूला आधी 'तू कशाला आलीस?' असे विचारायचे, आणि १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने 'आलीसच आहेस तर किती देतेस?' असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, अर्धी कॅज्युअल टाकून एका कचेरीत गेले. तिथला संवाद त्यांनी घरी येऊन आईला सांगितला. मी दाराआडून ऐकला.

"यात काय आहे?"

"विमान."

"उडतं?"

"नाही हो. चिकटवावं लागतं."

"म्हणजे सुटे भाग! सुट्या भागांचं टेबल वेगळं."

दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, हे सुटे भाग नव्हेत, खेळणे आहे. तिसऱ्याने ते पहिल्याकडे पाठवले. चौथ्या खेपेला आकडा ठरला. तो खोक्याच्या किमतीहून मोठा होता. अण्णांनी कागदावर 'नाकारले' लिहून सही केली, आणि विमान ज्या देशातून आले तिकडे परत गेले. आयुष्यात एकदाच, पण उडाले. येताना अण्णांनी माझ्यासाठी पतंग आणला. म्हणाले, "हा उडतो तरी. आणि याला टेबलं नाहीत."

मी तो पतंग उडवला नाही. अकराव्या वर्षी माणूस फार कडक असतो. अण्णा कंजूष आहेत हे मत मी पुढे पुष्कळ वर्षे बाळगले, आणि त्यांना ते ठाऊक असावे.

देश बदलत गेला. १९९१ पूर्वी आपला सर्वांत चढा आयातकर ३०० टक्क्यांच्याही वर होता. त्या वर्षी २४ जुलैला मनमोहन सिंगांनी तो १५० वर आणला. पुढे तो उतरतच गेला, आणि २००७ मध्ये बहुतेक कारखानी मालावर कमाल १० टक्के झाला. उरलेल्या ७१५ वस्तूंवरची परवान्याची बंधने १ एप्रिल २००१ ला उठली. आता परदेशी माल घ्यायला कुणाच्या मामाची गरज राहिली नाही. मग मामांनी भेट पाठवली तर? तेही सरकारने पाहिले. पाच हजारांपर्यंतची भेट करमुक्त सुटायची. लोक विकत घेतलेला मालच 'भेट' म्हणून आणू लागले, तेव्हा १२ डिसेंबर २०१९ ला टपालाने किंवा कुरिअरने भेटी आणणेच बंद केले. अपवाद दोन: जीव वाचवणारी औषधे आणि राखी. राखीसोबतची ओवाळणी मात्र नाही! हा मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला सख्खी बहीण असणार, याबद्दल मला शंका नाही.

अण्णा गेल्यावर त्यांच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या. त्या रद्दीत देववेनात, आणि वाचवतही नव्हत्या. निवृत्तीनंतर एका दुपारी १९७३ ची वही काढली. दूध, किराणा, रेशन, घरभाडे. आणि एका तारखेला त्यांच्या वळणदार अक्षरात, 'विमान सोडवणे'. पुढे रक्कम. रक्कम खोडलेली होती, आणि खाली लिहिले होते, 'ताईची फी'. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते. त्याखाली आणखी एक ओळ: 'पतंग, १० पैसे'.

त्या संध्याकाळी मी इंग्लंडच्या एका दुकानाकडे स्पिटफायरची मागणी नोंदवली. छंद धरला म्हणालो तो असा.

तर पैसे मोजून, सही करून, पोराला चहा पाजून मी खोके उघडायला बसलो. गोंद आणि रंग आत नव्हते. पेट घेणारे पदार्थ विमानाने पाठवत नाहीत, अगदी विमानासाठीसुद्धा. सौभाग्यवती माझ्या खांद्यावरून खोके न्याहाळत होत्या. त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. तळाशी बारीक अक्षरांत काहीतरी छापले होते. त्यांनी मोठ्याने वाचले, "मेड इन इंडिया."

मी चष्मा बदलून पाहिले. खरेच. या कंपनीचे कितीतरी साचे बरीच वर्षे भारतातच चालत होते. माल इथे ओतायचा, तिकडे पाठवायचा, आणि माझ्यासारख्याने तो तिकडून मागवायचा.

"म्हणजे माहेरी आलंय बिचारं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याला दारात अडवून पैसे भरायला लावलेत?"

"मी नाही अडवलं. मी भरले."

त्या आत गेल्यावर मी अण्णांची वही काढली. शेवटची चार पाने कोरी होती. आजची तारीख घातली, 'विमान सोडवणे' असे लिहिले आणि पुढे पूर्ण रक्कम मांडली, हमालीसकट.