अंगावरचे घरचे आणि पाहुणे



गेल्या चातुर्मासात आमच्या स्वाध्याय गटात एका नव्या सुनेनं प्रश्न विचारला. "काकू, आपण पाणी गाळून घेतो, कंदमूळ खात नाही, दिवस मावळायच्या आत जेवतो. मग रोज साबण लावून अंगावरचे लाखो जीव मारतो, त्याचं काय?" सगळ्याजणी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. त्याच आठवड्यात माझ्या चार महिन्यांच्या नातीला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागे लाल, खरबरीत चट्टे उठले होते. कोरोनापासून घरात शिरलेली जंतुनाशकाची बाटली मी जन्मापासून तिच्या अंघोळीच्या पाण्यात ओतत होते. सूनबाई एकदा म्हणालीही होती, "आई, वास फार उग्र येतो हो." मी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चट्टे फक्त त्यानं आले असं नाही, घराण्यात दमा-ॲलर्जी आहेच, पण कातडी कोरडी पडून त्रास वाढला तो त्यामुळं. बाटली बंद करा.

मग मी वाचायला बसले. अंगावरच्या सूक्ष्म जीवांचा माणसानं काय काय विचार केला, हे शोधता शोधता जाऊन पोचले ती परदेशातल्या बाळंतिणींच्या दवाखान्यांत.

सुरुवात हात धुण्यापासून करू, नाहीतर कुणी म्हणेल काकूंनी स्वच्छताच मोडीत काढली. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी प्रसूतीआधी क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायकांची संख्या झरझर खाली आली. ते उपकार आपण विसरायचे नाहीत. पण धुतलं म्हणजे नेमकं काय गेलं? हे पाहिलं फिलिप प्राइस नावाच्या शल्यचिकित्सकांनी, १९३८ मध्ये. एकामागून एक पाण्याच्या भांड्यांत हात घासायचे आणि प्रत्येक भांड्यात किती जंतू उतरले ते मोजायचं. त्यांना दिसलं की काही जंतू पहिल्या धुण्यातच जातात आणि काही कितीही घासलं तरी पुरते जात नाहीत, थोड्या दिवसांत पुन्हा तितकेच होतात. पहिल्यांना त्यांनी तात्पुरते म्हटलं, दुसऱ्यांना रहिवासी. आपल्या भाषेत पाहुणे आणि घरचे. रोग आणणारे बहुतेक पाहुण्यांतले असतात आणि साध्या साबण-पाण्यानं जातात.

त्याआधी १९२८ मध्ये शाडे आणि मार्कियोनिनी या जर्मनीतल्या दोन डॉक्टरांनी कातडीवर आम्लाचा पातळ थर असतो हे मांडलं होतं. निरोगी कातडीचा सामू साधारण पाचच्या आसपास असतो आणि आपली साबणाची वडी नऊ-दहाची. घरच्या जंतूंना आंबट अंगण मानवतं, पुष्कळशा उपद्रवी पाहुण्यांना नाही. शिकेकाईचं पाणीही सौम्य आंबटच असतं, पण म्हणून आज्जीला सामू ठाऊक होता असं मी म्हणणार नाही.

आता दवाखान्यांकडे येते.

१९५० च्या दशकात नवजात बाळांच्या खोल्यांत एक साथ शिरली. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा एक तिखट वाण, नाव ८०/८१. सिडनीत फिलिस राउंट्री या जंतुशास्त्रज्ञ बाई त्याच्या मागावर होत्या. पेनिसिलिनला तो दाद देत नव्हता. दवाखान्यातून घरी गेलेल्या बाळांना फोड यायचे, आयांच्या छातीला गळवं व्हायची. न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात हेन्री शाइनफील्ड आणि हाइन्झ आयकेनवाल्ड या डॉक्टरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. ज्या बाळांच्या अंगावर आधीच दुसरा, मवाळ स्टॅफ वसलेला असे, त्यांच्यावर ८०/८१ ला सहसा जागाच मिळत नव्हती. हा मवाळ वाण एका परिचारिकेच्या नाकातून आला होता. त्याला त्यांनी ५०२ए म्हटलं आणि मग असं धाडस केलं की वाचताना माझ्या अंगावर काटा आला. जन्मल्यावर काही तासांतच बाळांच्या नाकात आणि नाळेवर तो जंतू मुद्दाम लावला. ओहायो, जॉर्जिया, लुइझियानातल्या साथी यानं आटोक्यात आल्या. त्यांचे निबंध १९६३ मध्ये छापून आले. पुढं मात्र काही बाळांना ५०२ए नंच संसर्ग झाला, एक बाळ दगावलंही, आणि ती पद्धत मागं पडली. घरचा म्हणून कुणावर डोळे झाकून विसंबावं असं नाही.

बहुतेक दवाखान्यांनी मात्र दुसरी वाट धरली होती, सगळेच मारायची. हेक्साक्लोरोफिन नावाचं जंतुनाशक १९४१ मध्ये निघालं होतं. १९४८ मध्ये शिकागोच्या आर्मर कंपनीनं ते घालून डायल साबण आणला. ही आर्मर मुळात मांसाचा धंदा करणारी कंपनी, आणि साबण कत्तलखान्यातल्या चरबीचा. (आपल्याकडे अर्देशीर गोदरेजांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास नुसत्या वनस्पती तेलाचा अंगाचा साबण काढला, तो आपल्यासारख्यांच्या घरी का शिरला हे वेगळं सांगायला नको. वडीचा कागद वाचायची सवय अजूनही मोडू नका.) घामाचा वास जंतूंमुळं येतो, तर जंतूच नकोत, अशी त्या डायलची जाहिरात. बघता बघता हेक्साक्लोरोफिन दुर्गंधीनाशकांत, पावडरींत आणि नवजात बाळांच्या रोजच्या अंघोळीत गेलं, तिथं तीन टक्क्यांच्या द्रावणात.

बाळाची कातडी पातळ असते, लावलेलं आत मुरतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत मेंदूला इजा दिसली, तेव्हा डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकी सरकारच्या औषध खात्यानं बाळांना त्यानं रोज न्हाऊ घालू नका असं बजावलं. कित्येक दवाखान्यांनी एकदम थांबवलं, आणि काही ठिकाणी स्टॅफचे संसर्ग पुन्हा वाढले. म्हणजे औषध काहीच करत नव्हतं असंही नाही. पण ते एका जातीच्या जंतूंना हटवी आणि त्यांच्या जागी ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात ते दुसरे येऊन बसत.

१९७२ मध्ये फ्रान्समध्ये मोरांज नावाच्या बाळ-पावडरीत कारखान्यातल्या चुकीनं सहा टक्क्यांहून जास्त हेक्साक्लोरोफिन मिसळलं गेलं. २०४ मुलं आजारी पडली, ३६ गेली. ही पावडर त्यांच्या अंगाला लावली होती ती आयांनी, आज्यांनी, अंघोळीनंतर, माया म्हणून. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ पाळण्याशी बसून राहिले. माझ्या बाटलीत हेक्साक्लोरोफिन नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरीही.

याच काळात न्यूझीलंडमध्ये डनीडिनला मेरी मार्पल्स नावाच्या बाई शांतपणे वेगळंच काम करत होत्या. त्यांनी १९६५ मध्ये माणसाच्या कातडीच्या परिसंस्थेवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांच्या लेखी कातडी म्हणजे एक प्रदेश, हाताचा पुढचा भाग वाळवंट, डोकं म्हणजे गारवा असलेलं रान, काख म्हणजे दमट जंगल, आणि प्रत्येक ठिकाणची वस्ती निराळी. २००९ मध्ये एलिझाबेथ ग्राइस, ज्युलिया सेग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसांच्या अंगावरच्या वीस जागा जनुकांवरून तपासल्या, तेव्हा बाईंचा अंदाज खरा निघाला. तुमच्या आणि माझ्या काखेतली वस्ती जितकी सारखी, तितकी माझ्याच काखेतली आणि हातावरची नाही.

आता त्या सुनेचा प्रश्न.

हल्ली मोबाइलवर येतं की आपल्या आचार्यांना बॅक्टेरिया आधीच माहीत होते, निगोद म्हणजे तेच. मला हे पटत नाही. निगोद हा एकेंद्रिय जीवांचा, कर्माचा, अनंत जन्म-मरणाचा विचार आहे. त्याला सूक्ष्मदर्शकाची साक्ष लागत नाही, आणि ती काढली की दोन्हीकडची अप्रतिष्ठा होते. तसंच मुनींच्या अस्नानाचं. अठ्ठावीस मूलगुणांत ते आहे आणि तत्त्वार्थसूत्रातल्या बावीस परीषहांत मल हा अठरावा परीषह आहे. तो परीषह आहे, म्हणजे सोसायची गोष्ट, कातडीचा उपचार नव्हे. देहाची आसक्ती सोडणं आणि पाण्यातल्या जीवांची विराधना टाळणं हे त्यामागचं कारण. आपण गृहस्थ. आपल्याला स्नान करून, शुद्ध वस्त्र नेसून अभिषेकाला उभं राहायचं असतं.

मग तिला काय सांगितलं? मी तिला आमच्या आज्जीचं पाणी गाळणं सांगितलं. फडक्यातून पाणी गाळून झालं की आज्जी ते फडकं गाळलेल्या पाण्यानं हळू उलटं धुवायची आणि ते धुवण, जिवाणी म्हणायची ती त्याला, जपून पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत तर नाहीच. पाणी तर आपण वापरणारच होतो. म्हणून मला वाटतं, हात धुवावेत, अंघोळ करावी, पण नुसत्या भीतीपोटी सगळ्या अंगावर विष ओतायची गरज नसेल तर ती हिंसा विनाकारणच. ती म्हणाली, "म्हणजे काकू, थोडं पाप राहतंच की." मी म्हटलं, "राहतं बाई. संध्याकाळी प्रतिक्रमण कशाला करतो?"

जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की जन्मल्यावर पहिले चोवीस तास बाळाला न्हाऊ घालू नये. माझ्या दोन्ही मुलांना तासाभरात न्हाऊ घातलं होतं. अंगावरचा पांढरा चिकट थर न्हाऊ घालणाऱ्या बाईनं डाळीच्या पिठानं खसाखसा काढला होता आणि आम्ही सगळ्या कौतुकानं बघत होतो.

नातीची अंघोळ आता कोमट पाण्यानं, पाच मिनिटांत. साबण सौम्य, तोही जांघेत आणि मानेच्या वळ्यांत. अंग ओलसर असतानाच डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम. चट्टे पावसाळ्यात कमी झाले, थंडीत थोडे पुन्हा आले. बाटली अजून मोरीच्या फळीवर आहे. संडास धुवायला लागते.