तीन भिंगांची शिदोरी

यंत्राचा इतिहास सांगताना आपण बहुधा शोधकाचे नाव आणि शोधाचे साल सांगून मोकळे होतो. ते यंत्र हाती घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाने बरोबर काय घेतले आणि काय घरी ठेवले, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. छायाचित्राच्या बाबतीत तर हा हिशेब फारच महत्त्वाचा आहे. ताम्रपट आणि बखरी यांच्या जोडीला छायाचित्र हे आता इतिहासाचे एक मान्य साधन झाले आहे; आणि त्या साधनात काय उतरले व काय निसटले, हे छायाचित्रकाराच्या पिशवीतील भिंगांवर पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून, अंतरमापी कॅमेऱ्यासाठी थोडकी भिंगे निवडावयाची तर ती कोणती, हा वरवर हौशी मंडळींचा वाटणारा प्रश्न आम्ही या वसंतातील ज्ञानसत्रात इतिहासाचा प्रश्न म्हणून मांडीत आहोत.

प्रथम हा कॅमेरा म्हणजे काय ते पाहू. ज्याला आपण रेंजफाइंडर म्हणतो, त्या कॅमेऱ्याच्या कपाळावर थोड्या अंतरावर दोन लहान खिडक्या असतात. दोन्हींतून येणाऱ्या प्रतिमा आतील आरशांनी एकत्र आणलेल्या असतात. भिंगाचे कडे फिरविले की त्यांतील एक प्रतिमा सरकते, आणि ती दुसरीवर तंतोतंत बसली की अंतर जुळले असे समजावयाचे. शेताची मोजणी करणारा मोजणीदार एक पाया धरून त्रिकोण काढतो, तीच ही युक्ती. पाया जितका लांब, तितके माप बिनचूक. यातून दोन गोष्टी निघतात. एक, छायाचित्रकार प्रत्यक्ष भिंगातून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. दुसरी, भिंग जसजसे लांब पल्ल्याचे होते, तसतशी अंतरातील बारीकशी चूकही चित्रात ठळक दिसू लागते. या कॅमेऱ्याने भिंगांच्या संख्येला जी मर्यादा घातली, ती या दोन गोष्टींमुळे.

या मर्यादेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९२५ साली जर्मनीतील लाइपझिग शहरी वसंत ऋतूत भरणाऱ्या व्यापारी जत्रेत लायका हा छोटा कॅमेरा लोकांपुढे आला. ऑस्कर बार्नाक यांनी तो घडविला होता आणि माक्स बेरेक यांनी त्याचे ५० मिलिमीटरचे भिंग आखले होते. सिनेमाच्या फितीवर २४ गुणिले ३६ मिलिमीटरचे चित्र घेणारे हे यंत्र कोटाच्या खिशात मावत असे. त्याचे भिंग मात्र जागीच बसविलेले होते. म्हणजे निवडीचा प्रश्नच नव्हता. १९३० साली भिंग काढता-घालता येऊ लागले, तरी प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्याशी कारखान्यातच जुळवून घ्यावे लागे. १९३१ मध्ये ही जुळणी प्रमाणित झाली, आणि १९३२ मध्ये अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. त्याच साली त्साइस इकॉन या कंपनीने काँटॅक्स बाजारात आणला. लायकाच्या अंतरमापकाचा पाया सुमारे ३९ मिलिमीटर, तर काँटॅक्सचा सुमारे १००. शिवाय काँटॅक्सपाशी लुडविग बेर्टेले यांची झोनार ही तेजस्वी भिंगे होती. ३.५ छिद्राच्या भिंगापेक्षा २ छिद्राचे भिंग सुमारे तिप्पट प्रकाश आत घेते, आणि १.५ छिद्राचे पाचपटीहून अधिक. दिवेलागणीनंतर काम करणाऱ्याला हा फरक केवढा मोठा, हे सांगावयास नको.

तरीही त्या दशकातील जाणत्या माणसाची शिदोरी लहानच राहिली. ३५, ५० आणि ९० मिलिमीटरची तीन एल्मार भिंगे पुष्कळांना पुरत. तिन्हींच्या तोंडाचे माप एक असल्याने एकच रंगीत काच तिघांनाही बसे. पुढे १९५० मध्ये अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांना जपानात निक्कोर भिंगांची ओळख झाली आणि कोरियाच्या युद्धात त्यांनी ती आपल्या लायकावर चढविली. आटे जुळत असल्याने एका देशाचे यंत्र आणि दुसऱ्या देशाचे भिंग यांचा संसार सुखाने झाला.

खरा निर्णय १९५४ मध्ये लागला. त्या साली आलेल्या लायका एम-३ च्या खिडकीत ५०, ९० आणि १३५ मिलिमीटर या तीनच भिंगांच्या चौकटी आपोआप उमटत. ३५ ची चौकट नव्हती. त्यासाठी भिंगालाच डोळ्यांवरच्या चष्म्यासारखी जोड लावावी लागे. गर्दीत शिरून काम करणाऱ्यांना हे गैरसोयीचे होते. थोड्याच वर्षांत आलेल्या एम-२ मध्ये १३५ ची चौकट गेली आणि ३५ ची आली. लांबून पाहणाऱ्याची सोय कमी करून जवळ जाणाऱ्याची सोय केली गेली, असा आम्ही या बदलाचा अर्थ लावतो. ३५, ५०, ९० ही त्रयी तेव्हापासून जी रुळली, ती फितीच्या जागी विद्युत्‌संवेदक आल्यानंतरही टिकून राहिली आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार १९४७ मध्ये भारतात आले, तेव्हा त्यांचे बहुतेक सारे काम ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगाने चाले. ३० जानेवारी १९४८ रोजी ते गांधीजींना भेटले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींचा खून झाला. त्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकावर नेहरू लोकांना ती वार्ता सांगत आहेत, हे चित्र त्यांनी अपुऱ्या उजेडात घेतले. दिव्यांचे डाग आणि अंधार त्या चित्रात तसेच आहेत. पण त्या रात्रीची अवस्था दुसऱ्या कोणत्या कागदात इतकी उतरली असेल असे आम्हांस वाटत नाही.

याहून जवळचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील सेवाग्रामचे आहे. गांधीजींच्या नात्यातील तरुण कनू गांधी यांना छायाचित्रे काढावयाची होती. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या: लखलखाटी दिवा वापरावयाचा नाही, चित्रासाठी बसा असे सांगावयाचे नाही, आणि आश्रमाकडून पैसा मिळणार नाही. रोलायफ्लेक्स अंतरमापी जातीचा नव्हे, आणि त्याचे भिंग बदलताही येत नाही. तरी त्या एका भिंगाने गांधीजींच्या अखेरच्या दशकातील आश्रमाचे जे घरगुती दर्शन आपल्याला दिले, ते दुसरीकडे मिळणे कठीण. साधनांची वाण कनूभाईंनी सहवासाने भरून काढली.

लांब पल्ल्याच्या भिंगाचे सामर्थ्यही मराठी माणसाने ओळखले होते. १९३४ च्या ‘अमृतमंथन’ या प्रभातच्या बोलपटात व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो भिंगाने राजगुरूचा, म्हणजे चंद्रमोहन यांचा, एक डोळा पडदाभर दाखविला. हेच शांताराम पुढे १९४६ मध्ये आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कहाणी पडद्यावर आणणार होते. लांब भिंग वस्तू जवळ आणते एवढेच नव्हे, तर ती भोवतालातून वेचून काढते, हा धडा त्या डोळ्याने दिला.

या सर्वांवरून सोलापूरकराने काय घ्यावे? आमचा हिशेब फुटांत आहे. ३५ मिलिमीटरच्या भिंगाचा नियम लक्षात ठेवावयास सोपा: आपण जितके फूट मागे उभे, जवळजवळ तितकेच फूट रुंद चित्रात येते. ५० च्या भिंगाने दहा फुटांवरून सात फूट, आणि ९० ने चारच फूट. साखर पेठेतील विणकराच्या घराचा विचार करा. दहा फुटांच्या खोलीत हातमाग, त्यावर बसलेला माणूस, शेजारी कांड्या भरणारी घरची बाई आणि भिंतीवरचा देव. मागे सरकावयास जागा नसते. तेथे ५० चे भिंग माणूस दाखवील, पण त्याचे घर कापून टाकील. ९० चे भिंग धोट्यावरचा हात तेवढा दाखवील. घर आणि धंदा एकाच छपराखाली नांदत होते ही या शहराची मोठी सामाजिक वस्तुस्थिती. ती ३५ मध्येच मावते.

आता गड्ड्याची यात्रा पाहा. मकरसंक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज निघतात. शुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी ते पेलतात. अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. तीस फूट उंचीची वस्तू उभ्या चौकटीत पुरी घ्यावयाची तर ५० च्या भिंगाला सुमारे ४२ फूट मागे जावे लागेल, ३५ ला २९. यात्रेच्या गर्दीत तेरा फूट म्हणजे शेकडो माणसांची भिंत. पण काठी पेलणाऱ्याच्या कपाळावरची शीर टिपावयाची तर मिरवणूक मोडून पुढे घुसणे अशोभनीय. तेथे ९० हवे. तळ्याच्या काठावरून मधले सिद्धेश्वर मंदिर घ्यावयाचे तरी तेच. म्हणून ज्याला दोनच भिंगे परवडतात, त्याने ३५ आणि ९० घ्यावीत, असे आमचे मत आहे. तिसरे मिळाले तर तेजस्वी ५०, तेही मुख्यतः रात्रीसाठी. १३५ चा मोह या जातीच्या कॅमेऱ्यावर टाळावा.

याला कोणी म्हणेल, कार्तिए-ब्रेसाँ यांनी एका ५० वर भागविले, मग आमची दोन कशाला? आक्षेप रास्त आहे. पण ते जगभर हिंडून क्षण वेचीत होते. आपल्याला एका गावाची नोंद ठेवावयाची आहे. क्षणाला एक नजर पुरते. गावाची नोंद ठेवणाऱ्याला घरात शिरावे लागते आणि गर्दीबाहेर थांबावेही लागते.

ही नोंद का ठेवावयाची, तेही सांगतो. ज्या १९३० साली छोट्या कॅमेऱ्याचे भिंग प्रथम बदलता येऊ लागले, त्याच साली ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फाशी गेले. त्या काळी असा कॅमेरा सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हता; त्यामुळे ते दिवस समजून घेण्यास आपल्याला मुख्यतः कागदपत्रांकडे आणि आठवणींकडे जावे लागते. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी गेली, तिच्यामागून आलेल्या मोठ्या गिरण्याही बंद पडल्या. ज्या भोंग्यावर गाव उठे आणि जेवे, तो आता ऐकू येत नाही. गिरणीच्या धुराड्याचे चित्र दुरूनही निघते. पाळी सुटल्यावर डबा हातात घेऊन घरी निघालेल्या कामगाराचे चित्र त्याच्या बरोबरीने चालल्याशिवाय निघत नाही.

आज साधनांचा दुष्काळ नाही, सुकाळ आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि बोटाच्या चिमटीने दूरचे जवळ येते. नेमकी त्यामुळेच पाय न हलविण्याची सवय जडते. अंतरमापी कॅमेऱ्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासातून आम्ही एवढेच घेतले आहे की भिंग निवडणे म्हणजे माणसापासून किती अंतरावर उभे राहावयाचे हे ठरविणे. आपल्या गावातील उरलेले हातमाग जोवर चालू आहेत, तोवर ते अंतर दहा फुटांच्या आतले असावे.