परमुलखातील ते चाळीस दिवस

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. मी रेल्वेतला पदविकाधारक अभियंता. इतिहासाचा अभ्यासक नव्हे, पण वाचनाची आवड आहे. म्हणून आपण सर्वांनी अनुभवलेल्या एका काळाविषयी चार शब्द लिहितो.

आपले जुने लोक लखनऊसारख्या गावाला परमुलूखच म्हणत. नोकरीनिमित्त आपण येथे आलो, रुळलो. पुष्पक एक्सप्रेस आहे तोवर गाव लांब वाटत नाही. मार्च २०२० मध्ये मात्र ते एकदम लांब गेले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या. नाशिकजवळ देवळालीला माझी आई एकटी होती. फोनवर म्हणाली, "तू गाड्यांचा माणूस, आणि तुलाच गाडी नाही!" यावर मी काय बोलणार?

टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च. त्याच दिवशी गुढीपाडवा होता. छावनीत कडुनिंबाला तोटा नाही, पण साखरेची गाठी कोठून आणणार? सौभाग्यवतीने गुळाचे खडे दोऱ्यात बांधले आणि क्वार्टरच्या गच्चीत गुढी उभी राहिली. चैत्री नवरात्रही त्याच दिवशी बसले. शेजारच्या भाभीजींच्या घरी कलश, आमच्याकडे गुढीवर तांब्या. दोघींनी आपापल्या गच्चीतूनच एकमेकींना नमस्कार केला.

ड्यूटी असे त्या दिवशी मालगाड्यांचे काम, नसे त्या दिवशी घर. मुले दूरदर्शनवर पुन्हा लागलेले 'रामायण' पाहत. मी पलंगाखालची पेटी बाहेर काढली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली याच लखनऊत संगीत महाविद्यालय उभे केले. त्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' मूळची मराठीतली. तिचा एक जुना भाग घरात वर्षानुवर्षे पडून होता. त्यावरून रोज तासभर यमन घोटू लागलो. संध्याकाळी सात वाजता फोन पेटीजवळ ठेवून आरती वाजवायची आणि तिकडे आईने म्हणायची, असा नेम पडला. हात चुकला की आई थांबे. त्यावरूनच कळे की ती ठीक आहे.

याच दिवसांत १९१८ च्या इन्फ्लुएंझाविषयी वाचले. ती साथ जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. तेव्हा गाड्या चालू राहिल्या आणि त्यांतून रोग गावोगाव गेला. २०२० मध्ये आपण गाड्या थांबवल्या. थांबवणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. पण त्याची किंमत घरापासून दूर असलेल्यांनी भरली. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त भरणारे लोक होते, हे मला ३ मेच्या सकाळी दिसले.

त्या दिवशी नाशिकरोडहून मजुरांना घेऊन विशेष गाडी लखनऊला आली. माझी ड्यूटी स्थानकावर होती. माणसे अंतर ठेवून उतरत होती, तपासणी होऊन बसकडे जात होती. एकाला मी लांबूनच विचारले, "नाशिक में कहाँ रहते थे?"

तो मराठीत म्हणाला, "सातपूरला, साहेब. सहा वर्षं झाली."

"आता परत जाणार का?"

"जाणार ना. काम तिकडंच आहे."

मी गप्प झालो. माझ्या गावाहून आलेल्या गाडीतून तो त्याच्या घरी आला होता आणि मी त्याच्या मुलखात उभा होतो. आपण येथे जसे परके, तसाच तो आपल्याकडे. फरक एवढाच की टाळेबंदीत माझा पगार चालू होता. त्याचे काम बंद होते.

पाचच दिवसांनी, ८ मेला, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले असावे. मालगाड्या चालू होत्या, हे आम्हा रेल्वेवाल्यांना ठाऊक होते. ती बातमी वाचून त्या संध्याकाळी पेटीला हात लावला नाही. आईनेही आग्रह केला नाही.

१ जूनपासून आणखी २०० गाड्या सुरू झाल्या. मला रजा मिळाली ती दिवाळीत. आई दारात उभी होती. पहिले वाक्य, "तुझा निषाद अजून कच्चा आहे."

मंडळी, आपल्या मंडपात दरवर्षी बदलीवर आलेले नवे कुटुंब दिसते आणि आपण त्यांना आपुलकीने पाटावर बसवतो. गावी गेल्यावर तेथे एखादा रायबरेलीचा, उन्नावचा माणूस भेटला, तर त्यालाही आपुलकीने विचारावे, "घरी सगळे बरे ना?" परमुलखात हा प्रश्न किती मोलाचा असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

गणपती बाप्पा मोरया!