आकडा नसलेला खेळाडू



आज एका जुन्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. ज्याच्या कामाचा आकडा कुठल्याच वहीत चढत नाही, तो माणूस गुणी आहे हे ओळखायचं कसं? हा प्रश्न अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलला जवळजवळ नव्वद वर्षं छळतो आहे.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे सरकण्याचा खेळ. चढाई करणाऱ्या संघात अकरा जण असतात. त्यातले पाच जण अगदी पुढे, वाकून, हात जमिनीला टेकवून उभे राहतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायचं आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट मोकळी करून द्यायची, हे त्यांचं काम. धावणाऱ्याचे यार्ड मोजले जातात, फेकणाऱ्याचे पास मोजले जातात. या पाच जणांपैकी कुणाचं नाव लाउडस्पीकरवर ऐकू आलं, तर बहुधा त्याच्या हातून नियम मोडलेला असतो.

आता ड्राफ्ट. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. कॉलेजांमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून संघ पाळीपाळीने निवड करतात, आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ नावं. सगळ्यात आधी पुकारला गेला जे बरवँगर, कॉलेज फुटबॉलचा त्या वेळचा सर्वांत गाजलेला धावपटू. तो व्यावसायिक सामना एकही खेळला नाही.

त्याच दिवशी शिकागो बेअर्सने दोन लाइनमन घेतले. सहाव्या क्रमांकावर टॅकल जो स्टायडाहार आणि शेवटच्या फेरीत, ७८व्या क्रमांकावर, गार्ड डॅनी फोर्टमन. फोर्टमनचं आडनाव कानाला बरं वाटलं म्हणून संघमालक जॉर्ज हॅलस यांनी त्याला घेतलं, अशी गोष्ट सांगतात. वजन सुमारे ९५ किलो. खेळता खेळता त्याने वैद्यकीय शिक्षण पुरं केलं आणि पुढे डॉक्टर झाला. आज स्टायडाहार आणि फोर्टमन दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. एक पहिल्या फेरीतला, एक शेवटच्या. लाइनमन शोधण्याचा हा गोंधळ पहिल्याच दिवशी सुरू झाला, असं मला वाटतं.

तो मिटवायचा पहिला मोठा प्रयत्न १९६०च्या दशकात डॅलस काउबॉइजने केला, आणि त्यात आपल्याकडचा एक माणूस होता. सलाम कुरेशी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, संख्याशास्त्राचे जाणकार. आयबीएमच्या सर्व्हिस ब्युरो कॉर्पोरेशन या उपकंपनीत ते होते. अमेरिकन फुटबॉल त्यांना ठाऊक नव्हता, आणि काउबॉइजच्या प्रशिक्षकांना संगणक ठाऊक नव्हता. कुरेशींच्या ध्यानात आलं, की खरी अडचण शब्दांची आहे. एक स्काउट ‘चपळ’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक असतं, दुसरा म्हणतो तेव्हा दुसरंच. म्हणून सगळ्यांसाठी एकच प्रश्नावली बनली. खेळाडूचे असंख्य गुण गाळत गाळत पाचांवर आणले: स्वभाव, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, जिद्द, तल्लख बुद्धी, ताकद. लाइनमनसाठी ही फार मोठी गोष्ट होती. ज्याच्या नावावर एकही यार्ड नाही, त्याच्याबद्दल पहिल्यांदाच तोलून मापून काही नोंदवता येऊ लागलं.

पण संगणकाला उत्तर मिळतं ते कुणी पाहून लिहिलेल्या कागदातून. जिथे पाहणारा पोहोचत नाही, तिथला कागदच तयार होत नाही. १९६७चा ड्राफ्ट घ्या. त्या वर्षी ४४५ खेळाडू निवडले गेले. डॅलसने १८२व्या क्रमांकावर जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून रेफील्ड राइट घेतला. टॅकल म्हणून मात्र नाही. आधी त्याला पास झेलायच्या जागी खेळवलं, बचावातही घालून पाहिलं. दोन वर्षांनी एक टॅकल जखमी झाला तेव्हा राइट तिथे उभा राहिला, आणि मग वर्षानुवर्षं तिथून हलला नाही. दोन सुपर बोल जिंकून २००६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

त्याच वर्षी फ्लोरिडातल्या बेथ्यून-कुकमन या कृष्णवर्णीयांच्याच कॉलेजातला लॅरी लिटल ४४५ जणांत कुठेच नव्हता. सॅन डिएगोने त्याला ड्राफ्टबाहेरून घेतलं आणि १९६९मध्ये मायामीला देऊन टाकलं. १९७२चा मायामी डॉल्फिन्स संघ १७पैकी १७ सामने जिंकला. त्या हंगामात त्यांच्या दोन धावपटूंच्या नावावर हजार हजार यार्ड लागले. एकाच संघात असं आधी कधी घडलं नव्हतं. त्यांना वाट करून देणाऱ्यांत गार्ड लिटल होता आणि सेंटर जिम लँगर. लँगरलाही कुठल्याच ड्राफ्टमध्ये कुणी निवडलेलं नव्हतं. आज दोघे हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

लिटल कुणाला दिसला कसा नाही? दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू मैदानात उतरला तो सप्टेंबर १९६७मध्ये, म्हणजे हा ड्राफ्ट उरकल्यावर. तोवर दक्षिणेतली कृष्णवर्णीय मुलं प्रामुख्याने आपल्याच कॉलेजांत खेळत, आणि तिथे फारसे स्काउट फिरकत नसत. माहिती काही तळघरात दडलेली नव्हती. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात बिल नन दरवर्षी या कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी छापत. दोन पैशांचा पेपर घेतला असता तरी नावं मिळाली असती. शेवटी पिट्सबर्ग स्टीलर्सने ननना स्काउट म्हणूनच नेमलं, आणि १९७०च्या दशकात त्या संघाने चार सुपर बोल जिंकले.

पुढे मोजमाप वाढलं. १९८०च्या दशकात सगळ्या संघांनी एकत्र येऊन खेळाडूंची शारीरिक चाचणी सुरू केली. चाळीस यार्ड धावा, १०२ किलोंचा बार जमेल तितक्या वेळा उचला. १९८९मध्ये टोनी मँडरिच या आडदांड टॅकलला ग्रीन बेने दुसऱ्याच क्रमांकावर उचललं. त्याच्या मागोमाग गेलेले तिघेही, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स, हॉल ऑफ फेमला पोहोचले. मँडरिच चार वर्षांत ग्रीन बेमधून बाहेर पडला. कॉलेजात असताना स्टेरॉइड घेत होतो, हे त्याने बऱ्याच वर्षांनी कबूल केलं. ताकदीचा आकडा खरा होता, त्यामागचा माणूस तेवढा नव्हता.

याउलट २०१८मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने २३३व्या क्रमांकावर जॉर्डन मायलाटाला घेतलं. सिडनीचा रग्बी लीग खेळणारा मुलगा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो खेळलेला नव्हता. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला पाय कुठे ठेवायचा इथपासून शिकवलं. फेब्रुवारी २०२५मध्ये ईगल्स सुपर बोल जिंकले तेव्हा क्वार्टरबॅकच्या डाव्या हाताला मायलाटा उभा होता. त्याच्या बाबतीत शोधणं आणि घडवणं ही दोन वेगळी कामं उरलीच नाहीत.

हा सगळा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी टोचत राहते. न मोजलेलं फक्त कामच नव्हतं. लाइनमन प्रत्येक डावात समोरच्याला डोक्याने, खांद्याने भिडतो. ते मार कुणी कुठल्या वहीत लिहिले? पिट्सबर्गचा सेंटर माइक वेबस्टर, १९७४ला पाचव्या फेरीत निवडलेला, २००२मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. शवविच्छेदनात डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा आजार सापडला. या लीगच्या खेळाडूत तो सापडण्याची ही पहिली वेळ. आणि डॅलसचा रेफील्ड राइट? २०१४मध्ये त्याने आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं. २०२२मध्ये तो गेला.

काउबॉइजच्या प्रश्नावलीत पाच गुण होते. हा माणूस किती मार सोसेल आणि त्याचं पुढे काय होईल, असा सहावा रकाना त्यात नव्हता.