वस्ताद आणि प्रशिक्षक : हॉकीतील एका जुन्या वादाचा इतिहास

२०२३ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. भुवनेश्वर-राउरकेला येथील विश्वचषकात भारतीय संघ न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरून उपांत्यपूर्व फेरीपूर्वीच बाहेर पडला होता आणि मुख्य प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला होता. मोशीच्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर त्या आठवड्यात एकच विषय होता : आता प्रशिक्षक कोण? क्रिकेटच्या या देशात चहाच्या टपरीवर हॉकीची चर्चा व्हावी, याचे कुणाला नवल वाटेल. परंतु खडकीचे कारखाने आणि पिंपरीच्या नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम येथून फार दूर नाही. २०२१ च्या डिसेंबरात वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा त्याच मैदानावर झाली, तेव्हा आमच्यापैकी तिघे-चौघे पाळी बदलून, रजा टाकून सामन्यांना गेले होते. आमची ओळखही तेथलीच.

चर्चेत दोन पक्ष पडले. भोसरीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाचे म्हणणे असे, की टोकियोचे पदक परदेशी माणसाने दिले, तेव्हा पुन्हा परदेशीच हवा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका मात्र ठाम होते : "सर, आपला धनराज काय कमी आहे? पोरांना त्याची भाषा कळते. गोऱ्याला दुभाष्या लागतो." दोघांनाही मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढे काही दिवस जुनी कात्रणे आणि नोंदी चाळल्यावर वाटू लागले, की हा वाद मुळातच चुकीच्या प्रश्नावर उभा आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या टपरीवरील अपुऱ्या राहिलेल्या उत्तराचा विस्तार आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे, की भारतीय हॉकीच्या सुवर्णयुगात हा वाद एवढा महत्त्वाचा नव्हता. १९२८ ते १९५६ या काळात भारताने सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. संघाबरोबर व्यवस्थापक असे. १९५२ आणि १९५६ च्या संघांना हरबैलसिंग यांच्यासारखे प्रशिक्षकही लाभले. तथापि खेळाडू घडत ते पलटणीच्या, रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या मैदानांवर, थोरल्यांचे पाहून. आपल्याकडील तालमीशी याचे साम्य आहे. तालमीत वस्ताद असतो. तो जोड ठरवतो, खुराक पाहतो, कुणी कधी आखाड्यात उतरायचे ते सांगतो. हॉकीत असे अनेक अनामिक वस्ताद गावोगावी होते आणि राष्ट्रीय संघ म्हणजे त्यांच्या मेहनतीची बेरीज होती.

ही व्यवस्था मोडली ती मैदान बदलल्यामुळे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. चेंडू वेगाने व सरळ धावू लागला, तंदुरुस्तीला अतोनात महत्त्व आले. पुढे नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियमही गेला. डावपेच, खेळाडूंची अदलाबदल, पेनल्टी कॉर्नरच्या ठरीव चाली या गोष्टी मैदानाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती आल्या. प्रशिक्षक हे पद खऱ्या अर्थाने येथे जन्मले असे म्हणता येईल. दुर्दैव असे, की पद जन्मले तरी त्याला अधिकार मिळाले नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्या खडकीच्याच माणसाच्या चरित्रात सापडते. धनराज पिल्ले यांचा जन्म १९६८ मध्ये खडकीत, एका तमिळ कुटुंबात झाला. वडील मैदानाची देखभाल करीत. मोडक्या काठ्या बांधून ही भावंडे खेळली. पुढे थोरल्या भावाच्या पाठोपाठ धनराज मुंबईला गेले आणि जोकिम कार्व्हालो यांच्यासारख्या जाणत्याच्या हाताखाली तयार झाले. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने तब्बल बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. प्रशिक्षक होते महाराज किशन कौशिक, १९८० च्या मॉस्को सुवर्णसंघातील खेळाडू. त्यानंतर काय व्हावे? धनराज यांच्यासह सात खेळाडूंना संघातून वगळण्यात आले आणि कौशिक यांनाही पदावरून जावे लागले. पराभवानंतर प्रशिक्षकाला काढणे एक वेळ समजता येते. येथे विजयाचेही संरक्षण मिळाले नाही. कौशिक हे स्वदेशी होते, ही बाब ध्यानात ठेवावी.

पुढची काही वर्षे पाहा. २००२ च्या क्वालालंपूर विश्वचषकात मुंबईचे सेड्रिक डिसोझा यांना स्पर्धा चालू असतानाच दूर करण्यात आले. संघ दहावा आला. २००१ चा कनिष्ठ विश्वचषक आणि २००३ चा आशिया चषक जिंकून देणारे राजिंदरसिंग यांना २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर हटवून जर्मनीच्या गेरहार्ड राख यांना आणले गेले; संघ सातवा आला. तालमीतील उपमा द्यायची तर, कुस्तीला सलामी झडत असताना वस्ताद बदलण्याचा हा प्रकार होता. नवा वस्ताद कितीही थोर असला, तरी त्याला पैलवानाचा डाव-दम ठाऊक नसेल तर तो काय करणार?

मग आले २००८. आदल्याच वर्षी चेन्नईत भारताने आशिया चषक जिंकला होता, प्रशिक्षक होते तेच जोकिम कार्व्हालो, लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील खेळाडू आणि धनराज यांचे मार्गदर्शक. मार्च २००८ मध्ये चिलीतील सँतियागो येथे पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रिटनने भारताला २-० असे हरवले आणि १९२८ नंतर प्रथमच भारतीय हॉकी संघाविना ऑलिंपिक होणार हे निश्चित झाले. कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. त्या दिवसांत खडकी-पिंपरीच्या मैदानांवर सुतकी कळा पसरली होती, असे काका आजही सांगतात. पण याच अपयशातून 'आपल्या माणसांना जमत नाही' हा समज दृढ झाला आणि परदेशी प्रशिक्षकांचे पर्व सुरू झाले.

या पर्वाची झाडाझडती घेतली तर परदेशी पक्षाचाही मुद्दा टिकत नाही. स्पेनचे होजे ब्रासा २००९ मध्ये आले, २०१० अखेर गेले. ऑस्ट्रेलियाचे मायकेल नॉब्स यांच्या काळात २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत शेवटचा, म्हणजे बारावा आला. टेरी वॉल्श यांनी २०१४ मध्ये इंचॉनला आशियाई सुवर्ण मिळवून दिले आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते पदावरून बाजूला झाले. जानेवारी २०१५ ते जानेवारी २०१९ या चार वर्षांत पॉल व्हॅन आस, रोलंट ओल्टमन्स, शोर्ड मरीन आणि हरेंद्रसिंग असे चार मुख्य प्रशिक्षक झाले. यांपैकी तिघे डच आणि एक भारतीय. म्हणजे खुर्चीने देशी-विदेशी असा भेद कधी केलाच नाही. तिने सगळ्यांना सारख्याच निष्ठुरपणे खाली उतरवले.

आता टोकियोकडे वळू. ग्रॅहम रीड २०१९ मध्ये आले आणि ऑलिंपिक होईपर्यंत पदावर राहिले. ओडिशा शासनाचे प्रायोजकत्व २०१८ पासून लाभल्याने आर्थिक स्थैर्यही होते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी भारताने जर्मनीला ५-४ असे हरवून एकेचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवले. त्या सामन्यातील पाच गोलांपैकी दोन सिमरनजितसिंगचे, एक हरमनप्रीतसिंगचा. हे दोघेही २०१६ मध्ये लखनौला कनिष्ठ विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होते आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते हरेंद्रसिंग, ज्यांना २०१९ च्या जानेवारीत वरिष्ठ संघावरून काढण्यात आले होते. पेरणी एकाने केली, राखण दुसऱ्याने केली, तेव्हा कुठे पीक हाती आले. टपरीवरील दोन्ही पक्ष या एकाच पदकावर आपापला हक्क सांगत होते आणि दोघांचाही हक्क खरा होता.

येथे एक आक्षेप संभवतो. मुदत दिली की यश येतेच, असे थोडेच आहे? आक्षेप रास्त आहे. नॉब्स यांना लंडनपूर्वी वर्षभर मिळाले होते, तरी संघ तळाला गेला. शिवाय वस्तादाची आपण जी थोरवी गातो तिच्यातही एक धोका आहे. वस्तादाला जाब विचारणारा कुणी नसतो. त्याची मर्जी फिरली तर गुणी पैलवानही बसून राहतो. म्हणून प्रशिक्षकाला वस्ताद करून टाका, असे माझे म्हणणे नाही. मुदत आधी ठरलेली असावी, संघनिवडीत त्याच्या शब्दाला वजन असावे आणि हिशेब मुदतीअखेर, उघडपणे घेतला जावा. दरम्यानच्या एखाद्या पराभवावरून किंवा कुणाच्या रुसव्यावरून नव्हे.

मार्च २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रेग फुल्टन यांची नेमणूक जाहीर झाली, तेव्हा काकांनी चहाचा पेला खाली ठेवून नुसती मान हलवली. त्याच वर्षी हांगचौ येथे आशियाई सुवर्ण आले, २०२४ मध्ये पॅरिसला स्पेनला २-१ असे नमवून पुन्हा ऑलिंपिक कांस्य आले. पॅरिसच्या त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी काका भेटले. खूश होते. "चांगला आहे हा माणूस," ते म्हणाले, आणि मग हळूच, "पण सर, हे लोक त्याला राहू देतील ना?"

दीड वर्षापूर्वी माणूस कुठला हवा यावर भांडणारे काका त्या दिवशी तो टिकेल का, हे विचारीत होते. माझ्या मते योग्य प्रश्न हाच आहे. आणि धनराज? खडकीच्या मैदानाला त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यासारखा कुणी उद्या त्या खुर्चीवर बसला, तर आमच्या टपरीवर पेढे वाटले जातील. मात्र त्याच्या नेमणुकीच्या पत्रावर शेवटची तारीख काय आहे आणि ती पाळली जाणार आहे का, हे आम्ही पेढे खाण्याआधी विचारू.