तेवर : एका राजधानीचे खेडे

राइट टाउनात बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबाला पाहुण्यांसह भेडाघाटास जाण्याचा योग वर्षातून एकदा तरी येतोच. धुवांधार आणि संगमरवरी कडे पाहण्याच्या ओढीत वाटेवरचे तेवर मात्र सहसा मागे पडते. शहराच्या पश्चिमेस सुमारे 12 किलोमीटरवर असलेले हे लहानसे खेडे म्हणजेच प्राचीन त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी होय.

त्रिपुरीचे नाव ब्राह्मी अक्षरांत मिरविणारी नाणी ख्रिस्तपूर्व काळातील आहेत. म्हणजे कलचुरींच्या आधीच नगरी नावारूपास आली होती. नवव्या शतकात पहिल्या कोक्कल्लाने येथील राज्य बळकट केले आणि आपली कन्या राष्ट्रकूट नृपती दुसरा कृष्ण यास देऊन दख्खनशी सोयरीक जोडली. दहाव्या शतकात युवराजदेवाच्या सभेत राजशेखर कवी होता. त्याचा पणजा अकालजलद 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून गौरविला गेला होता. आमच्या प्रांताशी नाते सांगणारा माणूस येथे प्रथम आला तो तलवार घेऊन नव्हे, लेखणी घेऊन, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अकराव्या शतकात गांगेयदेव व त्याचा पुत्र कर्ण यांच्या काळी हे वैभव कळसास पोहोचले. गांगेयदेवाच्या लक्ष्मीछाप सुवर्णनाण्यांचे अनुकरण उत्तरेतील अनेक राजांनी केले. तेवरलगतच्या करणबेल येथील अवशेष कर्णाने वसविलेल्या नगराचे मानले जातात. 1030 च्या सुमारास अल्बेरुनीने गांगेयाचा उल्लेख केला, तेव्हा राजधानीचे नाव त्याने 'तिऔरी' असे दिले. साम्राज्य भरभराटीत असतानाच लोकांच्या जिभेवर 'त्रिपुरी'चे 'तेवर' होऊ लागले होते. राजांनी ताम्रपटांत जपलेले नाव पुढे विस्मृतीत गेले. लोकांनी झिजविलेले नाव मात्र टिकले.

तेराव्या शतकाच्या आरंभी कलचुरी सत्ता मावळली. पुढे गोंडांचे गढा उदयास आले आणि तेवरचे खेडे झाले. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकून जबलपुरास ठाणे केले. 1798 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 मध्ये इंग्रजांकडे गेला. या 36 वर्षांत आमच्या लोकांनी येथे महसूल वसूल केला, फौजा हलविल्या; पण वाटेवरच्या या दगडांची ओळख करून घेतल्याचे दिसत नाही. इंग्रजी अमदानीत तर करणबेलचे दगड लोहमार्गाच्या कामासाठी वाहून नेले गेले.

ही उणीव विसाव्या शतकात मराठी विद्वानांनीच भरून काढली. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 1952 मध्ये सागर विद्यापीठातर्फे येथे उत्खनन केले. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींचे कोरीव लेख संपादून 1955 मध्ये प्रसिद्ध केले. या लेखांतील संवत इ. स. 249 च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील आभीर राजा ईश्वरसेन याने सुरू केला, असे मिराशींचे प्रतिपादन आहे. ते मान्य केले, तर त्रिपुरीच्या राजांनी आपली वर्षे मोजली ती नाशिककडून आलेल्या गणनेने!

1939 च्या मार्चमध्ये काँग्रेसचे अधिवेशन तिलवारा घाटाजवळ भरले आणि त्यास त्रिपुरीचे नाव मिळाले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने आजारी होते. एप्रिलअखेर त्यांनी राजीनामा दिला. त्या वादळामुळे त्रिपुरी हे नाव देशभर गेले. तेवर मात्र होते तेथेच राहिले.

आज गावाजवळच्या त्रिपुरसुंदरीच्या देवळात नवरात्रात गर्दी होते आणि येथील कित्येक मूर्ती जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात आहेत. बदलीच्या नोकरीत आम्ही ज्या मुलखात चार वर्षे काढतो, त्याची माहिती कचेरीतील नकाशापुरतीच ठेवतो. 36 वर्षांच्या सत्तेची खूण तेवरात शोधूनही सापडणार नाही. परंतु मिराशी आणि दीक्षित यांच्या कामावाचून तेवरचा इतिहास आज सांगताच येत नाही. परमुलखात आपल्यामागे काय उरावे, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळते. पुढच्या खेपेस भेडाघाटास जाताना गाडी घटकाभर तेवरास थांबवावी, एवढीच वाचकांस विनंती.