वंशावळीतील रिकाम्या जागा

ज्यांना आपल्या पणजोबांचे नाव ठाऊक आहे त्यांनी हात वर करावेत, असे या मंडपात म्हटले तर बरेच हात वर होतील. पणजीचे नाव विचारताच त्यांतील निम्मे खाली येतील. आणि तिचे माहेर कोणते, हे विचारल्यावर दोनचार हात उरले तरी पुष्कळ झाले. कुलेतिहासाच्या आमच्या मासिक बैठकीस नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेच तीन प्रश्न विचारतो. तिसऱ्या प्रश्नाशी तो थबकतो, आणि आमच्या कामाला आरंभ होतो तो तेथूनच.

बैठकीचा थाट काही मोठा नाही. शाळेची एक खोली, दोन लांब बाके, एक भिंग आणि भिंतीवर मोडी अक्षरांचा तक्ता. कोणी वंशावळीची सुरळी घेऊन येतो, कोणी ट्रंकेच्या तळाशी सापडलेला कागदांचा रुमाल. पहिला तास मोडी वाचनाचा. दुसऱ्या तासाला एका घराण्याची वंशावळ फळ्यावर मांडून सर्वांनी मिळून तपासावयाची. आपला मूळपुरुष कोणीतरी सरदार निघावा, अशी आशा बहुतेकांच्या मनात असते. एका गृहस्थांनी देव्हाऱ्यात पूजलेली ‘सनद’ मोठ्या भक्तिभावाने आणली होती. वाचून पाहता तो निघाला कर्जरोखा! पूर्वजाने मुलीच्या लग्नासाठी शेत गहाण टाकले होते. गृहस्थ हिरमुसले. पण त्या कागदात मुलीचे नाव होते आणि ती दिली त्या गावाचेही होते. त्यांच्या दोन हात लांब वंशावळीत ती मुलगी कोठेच नव्हती. चारशे पुरुषांची ती वंशावळ आणि हा एक कर्जरोखा, यांत अधिक सत्य कोणते, हा प्रश्न त्या दिवशी आम्हां सर्वांपुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर मिळवायचे तर वंशावळी लिहिल्या कशासाठी गेल्या, हे आधी पाहिले पाहिजे. पूर्वजांचे प्रेमाने स्मरण करावे म्हणून लिहिलेल्या वंशावळी थोड्या. भांडण लागले म्हणून लिहिलेल्या पुष्कळ. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेची. वडीलकी कोणाची, मानाचे पान कोणाचे, यावरून भाऊबंदांत तंटा माजला म्हणजे गोतसभा बसे, महजर होई, आणि वादी आपला करीना लिहून देई. त्या करीन्यात पिढ्या सांगाव्या लागत. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याखाली इनाम कमिशनचे काम सुरू झाले, तेव्हा इनाम राखण्यासाठी घराण्यांना पुन्हा कैफियती व वंशावळी सादर कराव्या लागल्या. तात्पर्य, वंशावळ हा बहुधा हक्काचा कागद आहे. ज्याला हक्क त्याचे नाव. ज्याला हक्क नाही त्याला जागा नाही. मुलींना वतनात वाटा नव्हता, म्हणून मुली नाहीत. निपुत्रिक वारला त्याची शाखा खुंटली, म्हणून पुष्कळदा त्याचेही नाव गळाले.

हे ध्यानात आले म्हणजे तपासणी कशी करावी तेही उमगते. एका पिढीला सरासरी पंचवीस ते तीस वर्षे धरावीत. तीनशे वर्षांच्या वंशावळीत दहाबारा पिढ्या यावयास हव्यात. सहाच दिसल्या तर मधली नावे गळाली असे समजावे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. त्यामुळे बाळाजीचा विसाजी, विसाजीचा बाळाजी अशी साखळी चालते, आणि नक्कल करणारा दोन बाळाजींचा एक करून मोकळा होतो.

दुसरी कसोटी कालगणनेची. शालिवाहन शकात ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु जुन्या कागदांवर सुहूर सन असतो, आणि तोही अरबी शब्दांत. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. हे वर्ष मृगापासून चालू होते. म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ व पुढे ६०० मिळवावेत. १७७२ चा पावसाळा ते १७७३ चा उन्हाळा, असा काळ निघतो. ज्या वर्षी पणजोबा जन्मलेही नव्हते त्या वर्षाच्या कागदावर त्यांची सही दिसली, तर कागद खोटा असेल किंवा ते पणजोबा दुसरे असतील.

तिसरी कसोटी दत्तकाची आणि आडनावाची. दत्तक मुलगा वंशावळीत औरसासारखाच बसतो. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. ते गायकवाडांच्याच शाखेतले, आणि राजघराण्याचे म्हणून ही हकीकत सर्वांना माहीत आहे. सामान्य घरातला दत्तक तीन पिढ्यांत विसरला जातो. आडनावाचेही तसेच. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट, रास्ते मूळचे गोखले, आणि होळकरांचे नाव होळ या गावावरून आले. तेव्हा आडनाव एक म्हणून कुळ एक, असे मानणे धोक्याचे आहे.

राहता राहिल्या रिकाम्या जागा. त्या भरून काढण्याची साधने आपल्याजवळ अगदीच नाहीत असे नाही. ज्या परंपरेने वंशावळीतून स्त्रियांना वगळले, त्याच परंपरेत तर्पणाच्या वेळी माता, पितामही आणि प्रपितामही यांची नावे उच्चारावी लागतात, आईच्या वडिलांकडील पिढ्याही घ्याव्या लागतात. कागदावर नाही ते जिभेवर होते! नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्यांत यात्रेकरूंनी स्वहस्ते केलेल्या नोंदी आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारोदार येऊन कुळांच्या पिढ्या सांगत आले आहेत. सनद ज्यांनी कधी पाहिली नाही अशा शेतकरी कुळांचाही इतिहास त्यांनी सांभाळला. ज्याच्या घरी रुमाल नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही.

आणि घरातल्या एका कागदाने केवढे काम होते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे. भोरजवळच्या कारी गावी जेध्यांच्या घरात एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती मिळवली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे ती प्रसिद्ध झाली. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मधला मानीत. शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हा दिवस दाखवला. १९ फेब्रुवारी १६३० ही आज सर्वमान्य झालेली तारीख त्यातूनच पुढे आली. जेध्यांच्या कोणा पूर्वजाने तो कागद चुलीत घातला असता तर?

अशा कागदांवर खरे संकट आले ते वतने गेल्यावर. १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. वतने गेली हे न्यायाचेच झाले. पण हक्क संपताच कागदाची किंमतही संपली असे लोकांस वाटले, आणि रुमालच्या रुमाल रद्दीत गेले. पुढे २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला, आणि वारसांच्या तक्त्यात तिचे नाव डावलणे अवघड झाले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती बसली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. म्हणजे हक्क जागा झाला की वंशावळही जागी होते. यात गैर काही नाही. परंतु हक्कासाठी पिढ्या शोधणारा आपल्याला हवे ते नाव सापडताच थांबतो. इतिहासाला थांबता येत नाही. जे नको होते तेही लिहून ठेवावे लागते.

म्हणून या सुटीत गावी जाल तेव्हा एवढेच करा. घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ वही घेऊन बसा. तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर, वारलेली मुले, लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणी हे सारे तिच्या शब्दांत उतरून घ्या आणि खाली तारीख घाला. जुना कागद सापडला तर त्यावर चिकटपट्टी लावू नका. तो कोठे व कोणाकडे मिळाला तेवढे निराळ्या कागदावर टिपा. वंशावळीतील रिकाम्या जागेत कोणते नाव हवे, हे सांगणारी माणसे अजून आपल्या घरात आहेत. कागद शंभर वर्षे वाट पाहील. ती पाहणार नाहीत.